तीन दिव्यांची साक्ष

इलेक्ट्रिकच्या दुकानात एक छोटी डबी मिळते. दिसायला थ्री-पिन टॉपसारखी, पण तिला वायर नसते. पाठीवर तीन बारीक दिवे असतात आणि त्यांच्याखाली एक तक्ता छापलेला असतो. डबी सॉकेटमध्ये खोचायची, बटण दाबायचे आणि कोणते दिवे लागले ते तक्त्याशी ताडून पाहायचे. अमुक दोन लागले तर वायरिंग बरोबर, एकच लागला तर अर्थ नाही, दुसराच लागला तर न्यूट्रल तुटलेला. अमेरिकेत घर विकत घेण्यापूर्वी तपासणी करणारा माणूस ही डबी खिशात घेऊन खोलीखोलीतून फिरतो. आपल्याकडेही ती आता आली आहे, आणि तिच्यावर आंधळा विश्वास ठेवणारी मंडळीही तिच्यामागोमाग आली आहेत.

ही डबी काही वेळा 'सगळे ठीक' असे सांगते आणि त्याच वेळी मिक्सरचे किंवा कूलरचे अंग फेजला जोडलेले असते. हे कसे शक्य आहे ते समजायचे असेल तर सॉकेटला तिसरे भोक का आले, कधी आले आणि ते ज्या जमिनीला जोडले जाते तिचा विजेशी संबंध मुळात कसा जडला, हे पाहायला हवे.

एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. एकदिश धारा, सुमारे ११० व्होल्ट, आणि ग्राहकाच्या घरात येणाऱ्या तारा दोन. एका तारेने धारा यायची, दुसरीने परत जायची. जमिनीला या व्यवहारात जागाच नव्हती. अर्थात, जमीन मधे यायची ती गळतीच्या रूपाने. रस्त्याखालच्या पेटीत गळती झाली आणि ओल्या रस्त्यावरून जाणारे घोडे उधळू लागले, अशी आठवण खुद्द एडिसनने पुढे सांगितली आहे. घोड्यांच्या पायांत लोखंडी नाल असते आणि पुढचे-मागचे पाय लांब अंतरावर असतात, त्यामुळे जमिनीतले विभवांतर माणसाआधी त्यांना कळले.

त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग झाला. पण ते काम घेणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळली. मुंबईला विजेची नीट घडी बसली ती १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाल्यावर. ७ मे १९०७ रोजी शहरात विजेची ट्राम धावली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज येऊ लागली.

या सगळ्या काळात घरातली वीज म्हणजे दिवा, एवढेच समीकरण होते. भिंतीत सॉकेट नसे. होल्डर हीच विजेला हात घालण्याची एकमेव जागा. पंखा किंवा इस्त्री चालवायची तर दिवा काढून त्याच होल्डरमध्ये जोडणी करायची. १९०४ साली हार्वे हबेल या अमेरिकी उद्योजकाने होल्डरमध्ये फिरवून बसवायचा एक भाग आणि त्यात खोचायची दोन पिनांची टोपी अशा रचनेचे पेटंट घेतले. आपल्या प्लगचा हा एक पूर्वज. पिना दोनच, कारण तारा दोनच.

दरम्यान तारा दोनच राहूनही एक मोठा बदल झाला होता. १८८५-८६ च्या सुमारास रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, व्यवहारात आले. हजार-दोन हजार व्होल्टचा दाब खांबापर्यंत आणायचा आणि तेथे तो उतरवून घरात द्यायचा. सोय मोठी होती, पण धोकाही तसाच मोठा होता. रोहित्राच्या दोन वेटोळ्यांमधले आवरण फाटले तर उच्च दाब थेट घरातल्या तारांवर येणार. घरातल्या तारा जमिनीपासून पूर्ण अलग असतील तर कोणताही फ्यूज उडणार नाही, कोणाला काही कळणारही नाही. कळेल ते बटणाला हात लावणाऱ्याला.

यावर इलाहू टॉमसन या अभियंत्याने उपाय सुचवला. रोहित्राच्या घराकडच्या वेटोळ्याचे एक टोक मुद्दाम जमिनीत गाडून टाकावे. मग उच्च दाब खाली उतरलाच तर त्याला जमिनीची वाट मिळेल, मोठी धारा वाहील आणि वरचा फ्यूज उडेल. उपाय आपल्याला आज उघड वाटतो, पण तेव्हा त्यावर वर्षानुवर्षे वाद चालला. अमेरिकेतील आगीच्या विमा कंपन्यांचा याला विरोध होता. त्यांचे म्हणणे असे, की एक तार जमिनीला जोडली की दुसरी तार कोठेही लोखंडी नळाला टेकताच आग लागेल. म्हणणे अगदीच खोटे नव्हते. शेवटी १९१३ च्या अमेरिकी वीजसंहितेत १५० व्होल्टपर्यंतच्या घरगुती पुरवठ्याचे एक टोक जमिनीला जोडणे सक्तीचे झाले.

येथे थोडे थांबू या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. ज्या तारेला आपण न्यूट्रल म्हणतो ती निसर्गतः निरुपद्रवी नसते. आपण ती रोहित्रापाशी जमिनीला बांधली, म्हणून तिचे विभव जमिनीइतके राहिले. आणि ती बांधली म्हणूनच उघड्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाने नुसत्या एका तारेला हात लावला तरी त्याला शॉक बसू लागला. परिपथ पूर्ण झाला: फेज, माणूस, जमीन, रोहित्राचा खड्डा. एका मोठ्या धोक्यापासून वाचण्यासाठी आपण एक छोटा धोका पत्करला. वायरमनच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर पेटतो तोही याच वाटेने. त्यात एक निऑनचा दिवा आणि त्याच्या ओळीत फार मोठा रोध असतो, म्हणून आपल्या अंगातून जाणारी धारा जाणवतही नाही एवढी बारीक राहते.

आता छोट्या धोक्याचे काय करायचे? पंखा, इस्त्री, शेगडी यांचे अंग धातूचे. आत फेजची वायर झिजली आणि अंगाला टेकली की सारे अंग फेज होते. यंत्र मात्र नेहमीसारखे चालू राहते. अंग तिसऱ्या तारेने जमिनीशी जोडावे ही कल्पना येथून आली. अमेरिकेत फिलिप लाब्र याला अशा तीन पिनांच्या प्लगचे पेटंट १९२८ मध्ये मिळाले. इंग्लंडमध्ये १९३४ साली बीएस ५४६ हे मानक आले. आपण आज वापरतो ती गोल पिनांची, वरची पिन जाड व लांब असलेली रचना या मानकाचीच संतती आहे. वरची पिन लांब का? प्लग खोचताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा म्हणून. इंग्लंडने पुढे १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे बीएस १३६३ मानक आणले. ज्या समितीच्या विचारातून ते निघाले तिच्यात कॅरोलिन हॅस्लेट या एकमेव स्त्री सदस्य होत्या. अर्थची लांब पिन आत शिरल्यावरच इतर भोकांवरचे झाकण उघडते ही त्यातली युक्ती लहान मुलांच्या बोटांसाठी आहे.

अमेरिका मात्र रेंगाळली. १९४७ मध्ये तिने फक्त कपडे धुण्याच्या जागेसाठी तीन भोकांचे सॉकेट सक्तीचे केले. नव्या घरांत सर्वत्र ते लावण्याचा नियम १९६२ मध्ये आला. म्हणजे लाखो घरे दोन तारांची राहिली, त्यांत कोणी नंतर तीन भोकांचे सॉकेट बसवले, पण भिंतीत तिसरी तार नव्हतीच. सॉकेटचे तोंड पाहून आतले काहीच कळेना. तीन दिव्यांच्या डबीला गिऱ्हाईक मिळाले ते अशा घरांत.

तिसऱ्या तारेविषयी आपल्या पुस्तकांत एक वाक्य हमखास असते: जादा वीज जमिनीत निघून जाते. माझ्या मते या वाक्याने बरेच नुकसान केले आहे. वीज जमिनीत 'जाऊन' संपत नाही, तिला रोहित्राकडे परतावेच लागते. तिसऱ्या तारेचे काम ही परतीची वाट इतकी सोपी करणे हे आहे, की फेज अंगाला टेकताच फार मोठी धारा वाहावी आणि फ्यूज ताबडतोब उडावा. वाट अवघड असेल तर धारा लहान राहते, फ्यूज उडत नाही, आणि अंग तसेच फेज राहते.

आता डबीकडे वळू. तिच्यात तीन दिवे असतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यामधल्या दिव्याला क म्हणू, फेज आणि अर्थ यांच्यामधल्याला ख, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामधल्याला ग. ज्या दोन भोकांत विभवांतर असेल त्यांच्यामधला दिवा लागणार. जोडणी बरोबर असेल तर क आणि ख लागतील, ग विझलेला राहील. अर्थ तुटला असेल तर फक्त क. न्यूट्रल तुटला तर फक्त ख. फेजच नसेल तर सगळा अंधार. फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली असेल तर क आणि ग. फेज आणि अर्थ यांची झाली असेल तर ख आणि ग. तीन दिव्यांचे एकूण आठ नमुने होतात. उरलेले दोन नमुने कोणते आणि ते केव्हा दिसतील, हे वर्गाला सोडवायला द्यावे.

दोन टॉर्चचे सेल आणि टॉर्चचेच तीन बल्ब घेऊन हे प्रत्यक्ष करता येते. सेलचे धन टोक म्हणजे फेज. ऋण टोकापासून निघालेल्या दोन तारा म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ. अर्थ सुटा केला की एक गंमत दिसेल. क तर लागेलच, पण ख आणि ग हेही मंद लागतील, कारण ते आता एकापुढे एक असे ओळीत जोडले गेले. मग खऱ्या डबीत असे का होत नाही? कारण निऑनचा दिवा सुमारे ९० व्होल्टखाली पेटतच नाही. दोन दिवे ओळीत असतील तर १८० लागतील. अमेरिकेतला पुरवठा १२० व्होल्टचा, त्याचे शिखर मूल्य साधारण १७०. थोडक्यात वाचले! आपल्या २३० व्होल्टचे शिखर मूल्य ३२५ च्या घरात जाते, त्यामुळे तीच साधी जोडणी येथे जशीच्या तशी उचलून चालत नाही, आतली मांडणी बदलावी लागते. विद्यार्थ्यांना उंबरठा म्हणजे काय हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचलेले नाही.

तक्त्यावर छापलेला निदानाचा मजकूर मात्र शब्दशः घेऊ नये. ख आणि ग लागले की तक्ता सांगतो, फेज आणि अर्थ उलटे आहेत. इतकी मोठी चूक वायरमन सहसा करत नाही. बहुतेक वेळा झालेले असते ते वेगळेच. न्यूट्रल कोठेतरी तुटलेला असतो आणि त्याच वायरीवर एखादा पंखा किंवा दिवा चालू स्थितीत असतो. फेज त्या पंख्याच्या वेटोळ्यातून पलीकडे जाते आणि तुटलेल्या न्यूट्रलच्या अलीकडच्या तुकड्यावर येऊन बसते. आता दोन्ही भोके फेज. साध्या टेस्टरने पाहिले तर 'दोन्हीकडे टेस्टर लागतो, पण दिवा लागत नाही' ही वायरमनची नेहमीची तक्रार हीच. सगळी उपकरणे बंद करून पुन्हा पाहिले, की डबीवर एकटा ख उरतो आणि खरे निदान समोर येते.

ही झाली दिव्यांनी खरे सांगूनही तक्त्याने चुकवल्याची गोष्ट. आता दिवेच फसतात ते पाहू.

न्यूट्रल आणि अर्थ दोन्ही जमिनीच्याच विभवाला. त्यांची अदलाबदल झाली तर दिव्यांना पत्ताही लागणार नाही. त्याहून वाईट प्रकार लूपचा. घरात अर्थची तार नाही, पण गिऱ्हाइकाला तिसरे भोक 'चालू' हवे आहे. मग सॉकेटच्या मागे न्यूट्रलपासून अर्थपर्यंत बोटभर तार जोडून दिली जाते. डबीवर क आणि ख झकास लागतात. तक्ता म्हणतो, बरोबर.

आणि एक दिवस या सॉकेटच्या अलीकडे, बोर्डात किंवा खांबावर, न्यूट्रल सुटतो. घरातले सगळे बंद पडते. लोकांना वाटते, वीज गेली. पण फेज गेलेली नाही. ती चालू असलेल्या कूलरच्या मोटारीतून न्यूट्रलच्या तुकड्यावर येते, लूपवरून अर्थच्या भोकात शिरते आणि अर्थच्या तारेने कूलरच्या पत्र्यावर येऊन थांबते. कूलर का बंद पडला हे पाहायला कोणीतरी ओल्या फरशीवरून त्याच्याकडे जातो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे गेल्याच्या बातम्या येतात. त्या सगळ्या लूपच्या नसतात, अंगाला वायर टेकणे आणि अर्थच नसणे ही कारणे आहेतच. पण लूप असलेल्या घरात यंत्रात काहीही बिघाड नसताना माणूस मरू शकतो, हे वेगळे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच लूपसोबत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले तर? न्यूट्रलच्या भोकात फेज, लूपमुळे अर्थच्या भोकातही फेज, आणि फेजच्या भोकात न्यूट्रल. कागदावर काढून पाहा. क लागतो, ख लागतो, ग विझलेला. डबीच्या मते सर्व ठीक. प्रत्यक्षात त्या सॉकेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचे अंग पहिल्या क्षणापासून फेज असते. डबी तीन भोकांची एकमेकांशी तुलना करते, बाहेरचा साक्षीदार कोणी नाही. काही रुपयांचा स्क्रू-ड्रायव्हर टेस्टर मात्र अर्थच्या भोकात घातला तर येथे चटकन पेटतो, कारण त्याचा दुसरा धागा त्या सॉकेटमध्ये नसून पायाखालच्या जमिनीत असतो.

तिसरी फसगत आकड्यांची. निऑनच्या दिव्याला एक मिलिअँपियरच्या आतबाहेर धारा पुरते. समजा, अर्थचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध १००० ओहम झाला. एक मिलिअँपियरसाठी तेथे एक व्होल्ट खर्च होईल. २३० मधला एक व्होल्ट कमी झाला म्हणून दिवा मंद दिसणार नाही. ख ऐटीत लागेल. पण फेज अंगाला टेकली तर या वाटेने वाहणारी धारा किती? २३० भागिले १०००, म्हणजे पाव अँपियरही नाही. ६ अँपियरच्या फ्यूजला त्याचे काय? अंगावर जवळजवळ पूर्ण दाब बसून राहील. खड्डा चांगला, १० ओहमचा, आणि रोहित्राचाही तेवढाच धरला, तरी धारा साडेअकरा अँपियर होते. १६ अँपियरचा एमसीबी पडत नाही आणि अंगावर ११५ व्होल्ट राहतात. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी ओतण्याची पद्धत रोध उतरवण्यासाठीच आहे. मे महिन्यात, म्हणजे नेमके कूलर चालू असताना, माती सर्वांत कोरडी असते.

साडेअकरा अँपियर फ्यूजला कमी वाटतात, माणसाला किती पुरतात? बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल यांनी याचा छडा लावला. स्वखुशीने पुढे आलेल्या १३४ पुरुषांच्या आणि २८ स्त्रियांच्या हातात तार देऊन धारा हळूहळू वाढवत नेली आणि कोणत्या मूल्याला हात उघडून तार सोडता येईनाशी होते ते नोंदवले. सरासरी पुरुषांसाठी १६ मिलिअँपियर आली, स्त्रियांसाठी साडेदहा. आज असा प्रयोग करायला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. पण सुरक्षेचे पुढचे आकडे या नोंदींवर उभे राहिले. फ्यूज ज्या धारेला जागा होतो तिच्या शेकडो पट कमी धारेत माणसाचा हात चिकटतो. म्हणजे फ्यूज वायर वाचवतो, माणसाला वाचवायला दुसरे काहीतरी हवे होते.

ते दक्षिण आफ्रिकेत १९५५ च्या सुमारास हेन्री रुबिन यांनी बनवले, आणि १९६१ मध्ये डॅल्झिएल यांनी अमेरिकेत आपल्या पद्धतीने. तत्त्व शाळेतल्या विद्यार्थ्याला समजेल असे आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एका लोहकड्यातून न्यायच्या. गेलेली धारा तितकीच परत आली तर दोघींची चुंबकक्षेत्रे एकमेकांना मारतात. थोडी जरी धारा माणसामार्फत जमिनीत वळली तरी फरक पडतो, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो आणि खटका पडतो. अमेरिकेने ५ मिलिअँपियरची मर्यादा धरली. युरोपात आणि आपल्याकडे घरांसाठी ३० धरतात. हाच आपला आरसीसीबी. त्यालाही लूप आवडत नाही. लूप असलेल्या सॉकेटवर यंत्राचे अंग फेज झाले तर धारा लूपवरून न्यूट्रलनेच परतते आणि कड्याला फरक दिसत नाही. माणसाने हात लावून थोडी धारा जमिनीत वळवल्यावरच तो जागा होतो. तरी तेवढ्यात तो जागा होतो, हे काही कमी नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत डबी वापरावी, जरूर वापरावी. ती काही सेकंदांत तुटलेला अर्थ दाखवते. तिने 'बरोबर' म्हटल्यावर अर्थच्या भोकाला साधा टेस्टर लावून पाहावा आणि खड्ड्याचा रोध परवानाधारक ठेकेदाराकडून उन्हाळ्यात मोजून घ्यावा, पावसाळ्यात नव्हे. बोर्ड उघडून मागचा लूप शोधण्याचे काम त्यालाच सांगावे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी एक जास्तीची गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपल्याकडे काळी वायर न्यूट्रलची असते, तेथे काळी फेजची आणि पांढरी न्यूट्रलची.

तेथल्या जुन्या दोन तारांच्या घरांबाबत अमेरिकी नियमांनी पुढे एक तडजोड मान्य केली. भिंत फोडून तिसरी तार टाकणे शक्य नसेल तर डॅल्झिएल पद्धतीचे संरक्षण असलेले तीन भोकांचे सॉकेट लावावे आणि त्यावर 'अर्थ नाही' अशा अर्थाची चिकटपट्टी डकवावी. अशा सॉकेटमध्ये डबी खोचली की एकटा क लागतो, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोष. काही डब्यांवर संरक्षण तपासण्याचे बटणही असते. ते दाबले तरी खटका पडत नाही, कारण ते बटण थोडी धारा फेजमधून अर्थमध्ये सोडते आणि येथे अर्थच नाही. सॉकेटवरचे स्वतःचे बटण दाबले, की तो लगेच पडतो.